मेलेल्यांचा हिशेब कोणी मागावा?

मत मागण्यास दारी आलेल्या उमेदवाराला आपण रस्त्याचे विचारतो, पाण्याचे विचारतो, विजेचे विचारतो. "मागल्या चार वर्षांत आमच्यातली जी माणसे अवचित मेली, त्यांचे मरण तुम्ही खरे लिहिले काय?" असे आपण कोणाला विचारीत नाही. विचारणार कसे? ते काम करणारा अंमलदार आपल्याकडे मतांवर निवडला जातच नाही. अमेरिकेत मात्र पुष्कळ ठिकाणी तो लोकांच्या मतांवर निवडला जातो. त्याला कॉरोनर म्हणतात. मुदत संपली की तो लोकांपुढे येतो आणि मला पुन्हा निवडा म्हणतो. २०१८ साली कॅलिफोर्निया राज्यातील सॅन वाकीन काउंटीत असाच एक अंमलदार पुन्हा मते मागत होता. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा मुलूख. त्या अंमलदाराची पूर्वपीठिका व त्याचे काम आज आमच्या वाचकांपुढे मांडावे, असे आम्ही योजिले आहे. साता समुद्रापलीकडची गोष्ट आपणांस काय कामाची, असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा व मग सांगा, एवढेच आमचे मागणे.

प्रथम हे पद काय आहे ते पाहू. इंग्लंडात ११९४ साली प्रत्येक परगण्यात राजाच्या हक्कांचे राखणदार निवडावे असे ठरले. क्राउन म्हणजे राजमुकुट. त्यावरून कॉरोनर हे नाव पडले. अवचित मेलेल्या माणसाची चौकशी तो करी खरी, पण त्याची नजर असे ती त्या मरणामुळे राजाच्या तिजोरीत काय जमा होते यावर. प्रेताजवळ तो वसुलीसाठी येई. त्याची निवड जमीनधारक रहिवासी करीत. इंग्लंडने ही निवडणूक १८८८ च्या कायद्याने बंद केली. पण तत्पूर्वीच इंग्रज वसाहतवाल्यांनी ही रीत अमेरिकेत नेली होती, व तेथे ती अनेक राज्यांत अजून चालू आहे. आपल्या मुंबई शहरातही कॉरोनर होता. १८७१ च्या कायद्याखाली त्याची कचेरी चाले. ती १९९९ साली बंद झाली. मात्र मुंबईच्या कॉरोनरला सरकार नेमी. त्याला कोणाच्या उंबऱ्यावर मतासाठी जावे लागत नसे.

आता या कामाची मेख कोठे आहे ती पाहा. मरणाच्या नोंदीत दोन रकाने असतात. एक कारणाचा. डोक्याला मार लागला, रक्तस्राव झाला, पोटात विष गेले, हे सारे त्यात येते व ते डॉक्टर सांगतो. दुसरा रकाना प्रकाराचा. त्यात पाचांपैकी एक शब्द लिहावयाचा: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून, किंवा अनिर्णित. 'दुसऱ्याच्या हातून' असे लिहिले म्हणजे खून शाबीत झाला असे नाही. तो निवाडा कोर्टाचा. पण तो शब्द पडला की कोणाला तरी जाब द्यावा लागतो. 'अपघात' हा शब्द पडला की दप्तर बांधण्याची वाट मोकळी होते. एका शब्दावर एका घराचा न्याय लटकलेला असतो.

२०१८ साली कॅलिफोर्नियात हा दुसरा रकाना भरण्याचा अखेरचा अधिकार कॉरोनरकडे होता. डॉक्टरचा सल्ला घ्यावयाचा, इतकेच. आणि त्या राज्याच्या ५८ काउंटींपैकी ४० हून अधिक काउंटींत कॉरोनर व शेरीफ हा एकच इसम असे. शेरीफ म्हणजे काउंटीचा निवडून आलेला पोलिसप्रमुख. तुरुंगही त्याच्याच ताब्यात. म्हणजे पोलिसाच्या हाती किंवा तुरुंगाच्या भिंतीआड कोणी मेला, तर तो कसा मेला हे पोलिसांच्या वरिष्ठानेच लिहावयाचे. कुंपणाने शेत खाल्ले किंवा नाही, याचा पंचनामा कुंपणाकडेच!

सॅन वाकीन हा शेतकऱ्यांचा मुलूख. बदाम, अक्रोड, द्राक्षे, चेरी ही तेथील पिके. स्टॉकटन हे मुख्य शहर; पंजाबातून गेलेल्या कष्टकरी शीख बांधवांनी १९१२ साली स्थापिलेला गुरुद्वारा याच शहरात आहे. या काउंटीत स्टीव्ह मूर हे गृहस्थ २००६ साली शेरीफ-कॉरोनर म्हणून निवडून आले. त्यांची हयात पोलिसी नोकरीत गेलेली. पुढे लोकांनी त्यांना आणखी दोनदा निवडले. २०१८ साली ते चौथ्यांदा उभे राहिले.

त्यांच्या हाताखाली २००७ पासून शवचिकित्सेचे काम डॉ. बेनेट ओमालू पाहत. हे डॉक्टर जन्माने आफ्रिकेतील नायजेरियाचे. २००२ साली पिट्सबर्ग येथे त्यांनी एका नामांकित फुटबॉलपटूचा मेंदू तपासला, आणि डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी या खेळात मेंदूचा कसा नाश होतो हे जगापुढे आणले. तेथील धनाढ्य फुटबॉल मंडळाच्या डॉक्टरांनी त्यांचा लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. ते हटले नाहीत. अशा माणसाने डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला. त्याच सुमारास त्यांच्या सहकारी डॉ. सुसान पार्सन यांनीही दिला. दोघांनी आपल्या तक्रारी लेखी मांडल्या होत्या. पोलिसांच्या हातून झालेल्या मरणांत शेरीफ आपल्या निर्णयात हात घालतात, माहिती वेळेवर देत नाहीत, आपण 'दुसऱ्याच्या हातून' म्हटले तेथे 'अपघात' असे नोंदवितात, असा त्यांचा मुख्य आरोप. ओळख पटविण्यासाठी प्रेतांचे हात डॉक्टरांना न कळविता कापून घेतले गेले, असाही एक आरोप होता. मूर यांनी डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ केल्याचे साफ नाकारले. हे आरोप होते, कोर्टाचा निवाडा नव्हे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. ज्या गोष्टीचा निकाल झाला नाही, तिचा निकाल वर्तमानपत्राने लावू नये.

पण मतदाराला कोर्टाची वाट पाहण्याचे कारण नव्हते. काउंटीच्या कारभारी मंडळाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून पाहणी करविली. हे काम शेरीफाकडून काढून स्वतंत्र वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यावे असा सल्ला मिळाला, व एप्रिल २०१८ मध्ये मंडळाने तसा ठराव केला. जूनमध्ये मतदान झाले. मूर हरले, पॅट विथ्रो हे निवृत्त पोलिस अधिकारी निवडून आले.

एवढे ऐकून कोणी विद्वान म्हणेल, "पाहा, असली कामे अडाणी लोकांच्या मतावर सोपविली की असे होते. शिकलेल्यांनाच नेमावे." या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, ते आम्ही लपवीत नाही. न्यूयॉर्क शहरात निवडून आलेल्या कॉरोनरांची १९१५ साली तपासणी झाली, तेव्हा त्यांत दारूच्या गुत्त्याचे मालक, प्रेते पुरण्याचा धंदा करणारे, नळ जोडणारे, दूध विकणारे असे नाना धंद्यांचे लोक निघाले. १९१८ पासून त्या शहराने हे पद मोडून डॉक्टर नेमला. आमच्या कारागीर बांधवांनी याचा राग मानू नये. सुताराने दार बसवावे, लोहाराने फाळ शेवटावा. त्यांत डॉक्टरने लुडबुड केली तर आपण हसू. तसेच प्रेत वाचणे हीही एक विद्या आहे, आणि जो ती शिकला त्यानेच ती करावी.

पण नुसत्या विद्येने भागते काय? लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराची गोष्ट ऐका. तेथे कॉरोनर बहुशः डॉक्टरच असावा लागतो. डॉ. फ्रँक मिनयार्ड हे तेथे १९७४ ते २०१४ अशी ४० वर्षे, दर चार वर्षांनी निवडून येत, या पदावर राहिले. माणूस लोकप्रिय. तुतारीसारखे ट्रंपेट वाजवीत. तुरुंगातल्या व्यसनी कैद्यांना औषधोपचार मिळावा या चांगल्या हेतूने ते प्रथम निवडणुकीत उतरले होते. तरी २००५ च्या जुलैत काय झाले? दुरुस्तीची हरकामे करून पोट भरणारा एक माणूस पोलिसांनी इस्पितळात आणून टाकला. बरगड्या मोडलेल्या, प्लीहा फुटलेली. तो मेला, आणि कॉरोनरच्या कचेरीने 'अपघात' लिहिले. २०११ साली ज्युरीने त्याच प्रकरणात एका पोलिसाला दोषी ठरविले. २००५ च्याच सप्टेंबरात, महापुरानंतरच्या गोंधळात, पोलिसाची गोळी लागलेल्या एका माणसाचे प्रेत दुसऱ्या पोलिसाने मोटारीसह जाळले. त्याच्या मरणाचा प्रकार वर्षानुवर्षे ठरलाच नाही. २०१५ साली नव्या कॉरोनरने 'दुसऱ्याच्या हातून' अशी दुरुस्ती केली. हा मिनयार्ड डॉक्टर होता. पदवी भिंतीवर टांगलेली होती. पदवी डोळ्यांना दृष्टी देते. पाहिले ते लिहिण्याचे धैर्य देत नाही.

म्हणून आमचे मत असे. एक, मरणाचे कारण व प्रकार ही दोन्ही त्या विद्येच्या माणसाने ठरवावी. दोन, तो माणूस पोलिसांच्या ताटाखालचे मांजर नसावा. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालानेही निवडणुकीवरचे कॉरोनर हळूहळू बंद करून स्वतंत्र वैद्यकीय अधिकारी आणावे असेच सुचविले. तीन, त्याला नेमणारे मंडळ लोकांनी निवडलेले असावे, म्हणजे हिशेब मागण्याचा दोर रयतेच्या हाती राहतो. सॅन वाकीनमध्ये शेरीफ पडला तो मतानेच पडला. पण तीन वेळा निवडून आला तोही मतानेच, हे विसरू नये. बैल घेताना आपण दात पाहतो, जुवाखाली चालवून पाहतो. मडके वाजवून घेतो. अंमलदार मात्र फेट्याकडे पाहून घेतो!

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे कॉरोनर निवडावयाचा नाही. पण अवचित मेलेल्याचा पंचनामा होतो, आणि त्याखाली सही असते ती आपल्यातल्याच पंचांची. शेतकरी विहिरीत मेला तर तो पाय घसरून पडला की त्याने उडी घेतली, या एका शब्दावर त्याच्या विधवेचे पुढचे दिवस अवलंबून असतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अपघाती मरणास २ लाख रुपये आहेत. आत्महत्येस त्यात काही नाही. पोलिस कोठडीत कोणी मेला तर पोलिसांच्या चौकशीखेरीज न्यायदंडाधिकाऱ्यानेही त्याची चौकशी करावी, असे २००५ च्या कायदेदुरुस्तीने ठरले व नव्या फौजदारी कायद्यातही तेच कायम आहे. सॅन वाकीनच्या लोकांनी झगडून जे तत्त्व मिळविले, ते कोठडीपुरते तरी आपल्या कायद्यात लिहिलेले आहे. लिहिलेले पाळले जाते काय, हे पाहणे आपले काम.

तेव्हा बंधूंनो व भगिनींनो, पंच म्हणून बोलावणे आले तर टाळू नका. जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले आहे काय, हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचवून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, न वाचता अंगठा देऊ नका. फौजदार घाईत असेल. मेलेल्याला घाई नसते. त्याला स्वतःची फिर्याद देता येत नाही, मतही देता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारा त्या घटकेला तुमच्यावाचून तेथे दुसरा कोणी नसतो.