शिष्यवृत्ती दिली, पुढे काय?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा गावच्या एखाद्या शेतमजुराच्या कन्येला बड्या कंपनीची शिष्यवृत्ती मिळाली, तर साऱ्या गावाला आनंदच होईल. पण पदवी हाती घेऊन ती त्याच कंपनीच्या दारी उभी राहिली, तर तिला आत घेतले जाईल काय? 'आमच्या कार्यालयांत समाजाचे सर्व घटक दिसावेत' असे म्हणणाऱ्या उद्योगजगताने या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

२००६ साली खासगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा ऐरणीवर आली, तेव्हा सक्ती नको, आम्ही स्वेच्छेने पावले उचलू, अशी भूमिका उद्योजकांच्या संघटनांनी घेतली. प्रशिक्षण आणि शिष्यवृत्त्या यांवर त्यांचा भर होता. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान २ टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. शिष्यवृत्तीचा खर्च त्यात धरला जातो. शिष्यवृत्तीधारकाला नोकरी मिळाली की नाही, याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. धनादेशाचे छायाचित्र अहवालात झळकते आणि भरती निवडक महाविद्यालयांतून व ओळखीपाळखीतून सुरूच राहते!

केवळ शिष्यवृत्तीने कचेरीचे दार उघडत नाही, याचा दाखला इतिहासातच आहे. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर बडोदे संस्थानची सेवा करण्याचा करार त्या शिष्यवृत्तीला जोडलेला होता. म्हणजे शिक्षणाबरोबर नोकरीचीही निश्चिती होती. तरीही १९१७ मध्ये ते रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकत आणि शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. महाराज उदार होते, विद्वत्ता वादातीत होती. कचेरीचे मन मात्र बदललेले नव्हते.

गुणवत्तेशी तडजोड होईल, ही सबब येथे टिकत नाही. ज्या विद्यार्थ्याची गुणवत्ता पारखून कंपनी शिष्यवृत्ती देते, त्याच्या गुणवत्तेवर नोकरीच्या वेळी अविश्वास कसा दाखवता येईल? तेव्हा कंपन्यांनी शिष्यवृत्तीला उमेदवारीची जोड द्यावी, भरतीसाठी वाशीमसारख्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत यावे आणि किती शिष्यवृत्तीधारक आपल्या सेवेत आहेत, हे दरवर्षी जाहीर करावे. किन्हीराजाच्या कन्येला दान नको आहे. तिला तिच्या हक्काची खुर्ची हवी आहे.