पडद्यावरचा पाठ आणि वर्गातल्या बाई

शाळेत एखादं नवं यंत्र आलं की मुलांना आनंद होतो आणि शिक्षकांच्या पोटात गोळा येतो. मुलं बटणं दाबून पाहायला पुढे धावतात, बाई मात्र जरा मागेच उभ्या राहतात. वीस-पंचवीस वर्षं खडू-फळ्यावर नेकीनं शिकवलेलं असतं. आता सहावीतल्या मुलांसमोर आपला हात चुकला तर हसं होईल, ही धास्ती असते. त्याहून मोठी धास्ती मनाच्या तळाशी असते. ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. हे यंत्रच शिकवायला लागलं, तर आपलं काय काम?

ही धास्ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पालकांच्या मनातही हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं येतो. मोबाइलवर एवढे उत्तम पाठ फुकट मिळतात, मग शाळेत बाई नेमकं काय शिकवतात, असं सहज बोललं जातं. या दोन्ही प्रश्नांचं चांगलं उत्तर लखनौमध्ये मिळतं. पण त्याआधी थोडं मागे जायला हवं.

यंत्रं आली आणि कपाटात गेली

वर्गात यंत्र आणायची हौस आपल्या देशाला आजची नाही. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ या नावानं तो प्रयोग ओळखला जातो. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम असत. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं, याचं प्रशिक्षणही त्यातून दिलं गेलं.

पुढे आपला स्वतःचा इन्सॅट उपग्रह आला आणि सहा राज्यांत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणाऱ्या संस्था निघाल्या. त्यांपैकी एक लखनौला होती आणि एक पुण्याला. पुण्याची संस्था म्हणजे आपली ‘बालचित्रवाणी’. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेक वाचकांना तिचे कार्यक्रम आठवत असतील. २०१७ मध्ये ती बंद झाली. १९८४-८५ मध्ये देशातल्या सुमारे २५० शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणकही पोहोचले होते.

एवढं सगळं होऊनही वर्ग फारसा बदलला नाही. संगणकाच्या खोलीला कुलूप लागायचं, चपला बाहेर काढून आत जायचं आणि मशीनवरचं कापड काढण्यातच अर्धा तास संपायचा. दूरदर्शनच्या कार्यक्रमाची वेळ आणि शाळेची तासिका यांचा मेळ बसत नसे. बसलाच, तर नेमकी वीज जात असे. पण खरी अडचण वेगळीच होती. कार्यक्रम एकदा सुरू झाला की थांबत नसे. एखाद्या मुलाला तिसऱ्या मिनिटाला काही कळलं नाही, तर पुढची सतरा मिनिटं त्याच्या दृष्टीनं वाया जात. दूरदर्शनला हात वर करून शंका विचारता येत नव्हती. त्यामुळे वर्गातल्या बाईही मुलांबरोबर गप्प बसून बघत.

लखनौमधला प्रयोग

लखनौच्या गोमतीनगर भागात ऊर्वशी साहनी यांनी १९८६ मध्ये ‘स्टडी हॉल’ ही शाळा सुरू केली. चांगल्या वस्तीतली, चांगली चालणारी शाळा. २००३ मध्ये त्याच संस्थेनं ‘प्रेरणा’ ही मुलींची शाळा काढली. सकाळची शाळा सुटली की दुपारी त्याच इमारतीत ती भरू लागली. तिथे येणाऱ्या बऱ्याच मुली आसपासच्या झोपडवस्त्यांतल्या. सकाळी चार घरची धुणीभांडी करून दुपारी त्या पाटी-दप्तर घेऊन येत.

२००५ मध्ये रँडॉल्फ वँग या संगणकतज्ज्ञांबरोबर साहनी यांनी ‘डिजिटल स्टडी हॉल’ हा उपक्रम सुरू केला. वँग यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापन केलं होतं. कल्पना अगदी सोपी होती. शहरातल्या चांगल्या शिक्षिका आपल्या वर्गात जो पाठ रोज घेतात, तोच कॅमेऱ्यावर टिपायचा. पाठ हिंदीतून आणि राज्याच्या अभ्यासक्रमाला धरून. त्याच्या डीव्हीडी करायच्या आणि खेड्यातल्या आणि वस्तीतल्या शाळांना पाठवायच्या. त्या काळी खेड्यात इंटरनेट पोहोचलेलं नव्हतं, पण टपाल पोहोचत होतं. टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर एवढ्यावर काम भागत होतं. यूट्यूबचा जन्मही २००५ सालचाच, पण ते आपल्या खेड्यांपर्यंत यायला आणखी बरीच वर्षं लागायची होती.

या प्रयोगाचं वेगळेपण पुढे आहे. पाठ लावून बाईंनी बाजूला बसायचं नाही, असा त्याचा नियमच होता. खेड्यातल्या शिक्षिकेनं पाठ मध्येच थांबवायचा. पडद्यावरच्या बाईंनी त्यांच्या वर्गाला जो प्रश्न विचारला, तोच आपल्या मुलांना विचारायचा. कुणाला तरी फळ्याशी बोलवायचं, एखादी कृती करून घ्यायची, नाट्य असेल तर मुलांकडून वठवून घ्यायचं आणि मग पाठ पुढे न्यायचा.

उदाहरण म्हणून अपूर्णांकाचा पाठ घेऊ. पडद्यावर बाई एका पोळीचे चार सारखे भाग करतात आणि विचारतात, ‘यातला एक भाग म्हणजे किती?’ इथे पाठ थांबला. आता आपल्या वर्गात खरी पोळी किंवा कागदाची चकती फाडायची. एखादा मुलगा हमखास तीन लहान आणि एक मोठा तुकडा करतो आणि त्यालाही पाव म्हणतो. त्याची ही चूक पडद्यावरच्या बाईंना दिसणं शक्य नाही. ती दिसते वर्गातल्या बाईंना. ‘चारही भाग सारखे आहेत का रे?’ असं त्या विचारतात आणि अपूर्णांक त्या मुलाच्या डोक्यात शिरतो. पाठ कितीही सुंदर असो, हा प्रश्न त्याच क्षणी, त्याच मुलाला विचारणं हे कुठल्याही डीव्हीडीला जमलेलं नाही.

हीच पद्धत पुढे शेतीतही गेली. २००६ मध्ये बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात ‘डिजिटल ग्रीन’ हा उपक्रम निघाला, त्याची प्रेरणा लखनौचीच. तिथेही गावातला माणूस शेतकऱ्यांना फिल्म दाखवतो, मध्ये थांबवतो आणि त्यावर बोलणं घडवून आणतो.

बाईंच्या बाई

या प्रयोगात मुलांइतकाच शिक्षिकांचा फायदा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. नवा डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करतो. नवा वकील ज्येष्ठांची उलटतपासणी कोर्टात बसून ऐकतो. शिक्षिका मात्र डी.एड., बी.एड.चे सरावपाठ संपले की वर्गाचं दार लावून घेते आणि पुढची तीस वर्षं एकटीच शिकवते. दुसऱ्या बाई भागाकार कसा शिकवतात, गोंगाट करणाऱ्या वर्गाला कशा सांभाळतात, चुकीच्या उत्तराला काय म्हणतात, हे तिला कधी बघायलाच मिळत नाही. लहान खेड्यात तर एकेका शिक्षकाकडे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता असतात. गणितातलं एखादं प्रकरण स्वतःलाच नीट उलगडलेलं नसेल, तर विचारायचं कुणाला?

अशा शिक्षिकेला पडद्यावर आपल्यासारखीच साडी नेसलेली, आपल्याच भाषेत बोलणारी, आपल्यासारख्याच भरलेल्या वर्गात उभी असलेली शिक्षिका दिसते, तेव्हा तिला कमीपणा वाटत नाही. ‘असंही शिकवता येतं की,’ असं वाटतं. एरवी वर्षातून एकदा होणाऱ्या प्रशिक्षणात भाषणं ऐकून जे साधत नाही, ते असे चार पाठ मुलांबरोबर चालवताना साधू शकतं.

भातखंडे यांनी सोडवलेला प्रश्न

पुस्तकातून किंवा यंत्रातून आलेली विद्या गुरूची जागा घेईल का, हा प्रश्न लखनौ शहराला नवा नाही, आणि तो तिथे एका मराठी माणसानं नेला होता. विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. उस्तादांच्या घराण्यांत बंदिस्त असलेल्या चिजा त्यांनी देशभर हिंडून गोळा केल्या, त्या लिहून ठेवण्यासाठी स्वरलिपी बसवली आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ छापली. १९२६ मध्ये लखनौला संगीताचं विद्यालय उघडलं, त्यामागे त्यांचेच परिश्रम होते. आरंभी ते गव्हर्नर मॅरिस यांच्या नावानं ओळखलं जाई. १९६६ पासून त्याला भातखंडे यांचं नाव आहे आणि आज ते विद्यापीठ आहे.

त्या वेळी पुष्कळांनी नाकं मुरडली. कागदावरून का कुठे गाणं येतं? मींड आणि गमक स्वरलिपीत कशी मावणार? आक्षेपात तथ्य होतं, आणि भातखंडे यांनाही ते ठाऊक असणार. नुसतं पुस्तक पुरलं असतं, तर त्यांनी विद्यालय उघडण्याचा खटाटोप केलाच नसता. पुस्तकामुळे चीज कुणाही शिष्यापर्यंत पोहोचली. ती गळ्यात उतरवायला मात्र समोर श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारखे गुरू बसावे लागले.

आपले गुरुजीही मागे नाहीत

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी हे काम आपल्या पद्धतीनं केलं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कितीतरी गुरुजी आणि बाई पदरचे पैसे घालून, रात्री घरी बसून संगणक शिकले. त्यांनी स्वतःच्या वेबसाइट आणि ब्लॉग काढले. कवितेची चाल, गणिताचे सरावसंच, चौथीच्या चाचण्या असं सगळं मराठीत तयार करून सर्वांसाठी मोकळं ठेवलं. एका तालुक्यातल्या बाईंनी केलेला सरावसंच तीनशे किलोमीटरवरच्या शाळेत सोडवला जाऊ लागला.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांचं नाव सर्वांना माहीत आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे गाणी आणि पाठ ठेवण्याच्या त्यांच्या कामाची दखल जगानं घेतली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे व्यासपीठही २०१७ च्या शिक्षकदिनापासून उपलब्ध आहे. म्हणजे साहित्याचा तुटवडा आता उरलेला नाही.

मग आलं २०२०. मार्चमध्ये शाळांना कुलपं लागली. पडदा तेवढा राहिला आणि वर्गातल्या बाई दूर गेल्या. तेव्हा काय झालं, ते आपण घराघरांत पाहिलं. घरात एकच फोन, तोही वडिलांच्या खिशात. ते कामाहून परत येईपर्यंत मुलगी वाट बघणार, आणि भाऊ असेल तर आधी नंबर त्याचा. ज्यांच्याकडे फोन होता, त्यांचीही नजर पडद्यावर आणि मन भलतीकडे. त्या दिवसांत सोलापूरच्या निलमनगरमध्ये शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले आणि मुलं अंतर ठेवून भिंतीपाशी अभ्यास करू लागली. साधन कोणतंही असो, ते मुलापर्यंत नेणारं माणूस लागतं, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

सुरुवात कशी करावी?

ज्या शिक्षिकांना अजून भीती वाटते, त्यांनी एका पाठापासून सुरुवात करावी. आठवड्यातून एकच पाठ, तोही पाच-सात मिनिटांचा. आधी घरी पेन्सिल घेऊन तो पूर्ण पाहावा आणि कुठे थांबवायचं, तिथे काय विचारायचं, ते वहीत लिहून ठेवावं. पाठ कुणी तयार केला आहे, त्यातली माहिती पाठ्यपुस्तकाशी जुळते का, हे ताडून घ्यावं. पडद्यावर दिसतं ते सगळं खरं नसतं. नेट ऐन वेळी दगा देतं, म्हणून पाठ आदल्या दिवशीच उतरवून ठेवावा. फोन किंवा संगणक अडला, तर शेजारच्या वर्गातल्या तरुण शिक्षकाला विचारावं, त्यात लाज कसली? आणि वर्गातल्या मुलांचे फोटो, नावं पालकांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नयेत. उत्साहाच्या भरात हे पथ्य अनेकदा सुटतं.

पालकांनाही एक विनंती. शाळेत प्रवेश घेताना ‘तुमच्याकडे किती वर्गांत डिजिटल फळा आहे?’ एवढंच विचारू नका. तो वापरायला बाईंना कुणी शिकवलं आणि पाठ तयार करायला त्यांना वेळ मिळतो का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी यंत्रासाठी निधी मिळतो, बाईंच्या तयारीसाठी आठवड्याचा एक तासही मिळत नाही. जनगणना, निवडणूक, माहितीचे तक्ते यांतच तो संपतो. पुढच्या पालक-शिक्षक सभेत हा एक तास मागून पाहा. यंत्राच्या किमतीपुढे तो फार महाग नाही, आणि त्याचा पहिला लाभ तुमच्याच मुलाला होणार आहे.