विश्लेषण : भंडाऱ्याची आग आणि वेळेची शर्यत… ‘रिअल-टाइम’ यंत्रणा म्हणजे नेमके काय?

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू अतिदक्षता विभागाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली. त्यात दहा बालकांचा मृत्यू झाला. आगीचे मूळ बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये असल्याचे चौकशीनंतर सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील अशाच विभागात आग लागून बालके दगावली, तेव्हा भंडाऱ्याची आठवण पुन्हा निघाली. अतिदक्षता विभाग आज छोट्या-छोट्या संगणकांनी भरलेला असतो. हे संगणक कशावर लक्ष ठेवतात, कशावर ठेवत नाहीत आणि ‘वेळेत’ या शब्दाला तिथे काय अर्थ असतो, याचा हा आढावा.

भंडाऱ्यात काय घडले होते?

जिल्हा रुग्णालयातील या विभागाला ‘एसएनसीयू’ म्हणतात. कमी वजनाची, वेळेआधी जन्मलेली किंवा आजारी बाळे येथे ठेवली जातात. त्याचे सहसा दोन भाग असतात. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचा एक कक्ष आणि बाहेरून, म्हणजे गावातील आरोग्य केंद्रातून, अन्य रुग्णालयातून किंवा घरून आणलेल्या बाळांचा दुसरा. घटनेच्या रात्री दोन्ही कक्षांत मिळून १७ बाळे होती. रात्री दीड-दोनच्या सुमारास परिचारिकेला धूर दिसला. सात बाळांना बाहेर काढता आले. बाहेरून आणलेल्या बाळांच्या कक्षातील दहा बाळे मात्र वाचू शकली नाहीत. तिघांचा मृत्यू भाजल्याने आणि सात जणांचा धुराने गुदमरून झाल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले होते.

नागपूरच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ठिणगी पडली, तिथून गादी आणि प्लास्टिकने पेट घेतला आणि खोली धुराने भरली, असा घटनाक्रम त्यानंतर जाहीर करण्यात आला. त्या वेळी कक्षात कर्मचारी हजर असते तर आग आटोक्यात आणता आली असती, असेही निष्पन्न झाले. डॉक्टर आणि परिचारिकांसह सात जणांवर कारवाई झाली.

वॉर्मर हा संगणक कसा?

घरातल्या हीटरला वायर आणि बटण पुरते. वॉर्मरचे तसे नाही. नवजात बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहावे लागते. कमी वजनाच्या बाळाला ते स्वतःहून राखता येत नाही. म्हणून बाळाच्या पोटावर एक छोटा तापमापक, म्हणजे प्रोब, चिकटवतात. त्याचा विद्युतरोध तापमानाप्रमाणे बदलतो. पॅनेलमधील नखाएवढी चिप हा बदल मोजते, परिचारिकेने ठरवून दिलेल्या तापमानाशी त्याची तुलना करते आणि वरच्या हीटरची शक्ती कमी-जास्त करते. लगेच पुन्हा मोजते. हे चक्र अहोरात्र चालू राहते.

एखाद्या यंत्राच्या पोटात बसवलेल्या आणि एकच काम करणाऱ्या अशा संगणकाला ‘एम्बेडेड’ प्रणाली म्हणतात. तिला वेगळा पडदा किंवा कीबोर्ड लागत नाही आणि वापरणाऱ्याला ती संगणक वाटतही नाही. वॉशिंग मशीन, वीजमीटर, मोटारीतील एअरबॅग, सलाइनचा पंप, पल्स ऑक्सिमीटर ही सगळी याच कुळातली. एसएनसीयूमधील एकेका बाळाभोवती अशी तीन-चार उपकरणे सहज असतात.

‘रिअल-टाइम’ म्हणजे वेगवान का?

हा सर्वांत मोठा गैरसमज. रिअल-टाइम म्हणजे ‘झटपट’ नव्हे, तर ‘ठरलेल्या मुदतीच्या आत, दर वेळी’. उत्तर बरोबर असूनही ते उशिरा आले तर अशा यंत्रणेत ते चूकच धरले जाते.

मुदत चुकल्यावर काय होते, यावरून या यंत्रणांचे ढोबळ प्रकार पडतात. व्हिडीओ कॉलवर चित्र क्षणभर अडकले तर चिडचिड होते, पण संभाषण पुढे सरकते. ही मुदत सैल. मोटारीच्या एअरबॅगला धडक ओळखून फुगण्यासाठी सेकंदाचा अगदी लहानसा अंश मिळतो. त्यानंतर फुगलेली पिशवी उपयोगाची नाही, उलट अपायच करील. ही मुदत कडक. वॉर्मरच्या हीटरने काही सेकंद उशिरा शक्ती बदलली तर बाळाचे तापमान लगेच ढळत नाही, पण धोक्याची सूचना मिनिटांवर गेली तर ते चालत नाही. म्हणजे एकाच यंत्रात वेगवेगळ्या कामांच्या मुदती वेगवेगळ्या असतात. त्या आधी ठरवून मग यंत्राची रचना करणे, हाच या शास्त्राचा गाभा आहे.

यंत्र स्वतःवर लक्ष ठेवते का?

काही प्रमाणात ठेवते. समजा, बाळाच्या पोटावरचा प्रोब निसटला आणि हवेत लोंबकळू लागला. यंत्राला तापमान कमी दिसेल, बाळ गारठले असे समजून ते हीटर वाढवील आणि प्रत्यक्षात बाळ भाजण्याची वेळ येईल. गणित बरोबर, पण माहिती खोटी. म्हणूनच प्रोब तुटला, निसटला किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले तर वॉर्मरने अलार्म वाजवणे अपेक्षित असते.

चिपमधील प्रोग्रॅमच अडकला तर काय, यावरही उपाय असतो. त्याला ‘वॉचडॉग’ म्हणतात. प्रोग्रॅमने ठरावीक काळाने या पहारेकऱ्याला ‘मी जागा आहे’ असे कळवायचे. कळवले नाही तर पहारेकरी संपूर्ण चिप नव्याने सुरू करतो. त्याशिवाय, सॉफ्टवेअरवर अजिबात अवलंबून नसलेले, तापमान हाताबाहेर गेल्यास थेट वीज तोडणारे स्वतंत्र साधनही ठेवले जाते.

हा स्वतंत्र थर का लागतो, याचा धडा जगाने थेराक-२५ या किरणोपचार यंत्राकडून घेतला. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. त्यातील काहींचा मृत्यू झाला. आधीच्या मॉडेलमध्ये असलेले यांत्रिक अडसर काढून सुरक्षेचा भार सॉफ्टवेअरवर टाकण्यात आला होता. तंत्रज्ञाने झपाट्याने बटणे दाबली की प्रोग्रॅममधील दोन कामांचा क्रम चुकत असे. यंत्र वारंवार दाखवत असलेल्या त्रुटीच्या सूचनांकडे दुर्लक्ष करून पुढे जाण्याची सवयही कर्मचाऱ्यांना लागली होती.

भंडाऱ्यात जाहीर झालेला मुद्दा मात्र ठिणगीचा होता, सॉफ्टवेअरचा नव्हता. आणि इथेच खरी मेख आहे. वॉर्मरमधील संगणकाचे डोळे बाळाच्या पोटावर असतात. स्वतःच्या पॅनेलमधील सैल जोडणी, तापलेली वायर किंवा खोलीतला धूर पाहण्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

मग एमसीबी कशासाठी असते?

वीजवाहिनीवरील एमसीबी ही वायरचे रक्षण करते. प्रमाणापेक्षा जास्त प्रवाह वाहिला किंवा शॉर्टसर्किट झाले की ती पडते. पण सैल स्क्रूमुळे किंवा झिजलेल्या वायरीमुळे सतत ठिणग्या उडत असतील, तर एकूण प्रवाह मर्यादेच्या आतच राहू शकतो. एमसीबीच्या लेखी सगळे आलबेल असते आणि त्या ठिकाणी प्लास्टिक मात्र वितळत जाते. आरसीसीबी जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखते. साधारणपणे ३० मिलीअँपिअरची गळती झाली की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वीज तोडते. गळती नसेल तर तीही गप्प राहते. अशा ठिणग्यांचा विशिष्ट ‘आवाज’ विद्युतप्रवाहात ओळखणारी वेगळी उपकरणे आहेत. त्यांच्यातही छोटा संगणकच असतो.

अतिदक्षता विभागात आणखी एक धोका असतो, तो ऑक्सिजनचा. तो स्वतः जळत नाही, पण हवेत त्याचे प्रमाण वाढले की एरवी हळू पेटणारी गादीही भराभर जळते. म्हणजे आगीच्या बाबतीत इथली मुदत साध्या खोलीपेक्षा कमी असते.

धूर कोण ओळखणार?

स्मोक डिटेक्टर हीही एम्बेडेड यंत्रणाच. त्याच्या काळोख्या कप्प्यात प्रकाशाचा एक बारीक झोत असतो. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो आणि बाजूच्या संवेदकावर पडतो. आतली चिप थोड्या-थोड्या वेळाने हे तपासते. एकदाच दिसले तर धूळ किंवा किडा असू शकतो, म्हणून ती पुन्हा तपासून खात्री करते आणि मग सूचना देते. इथे रचनाकाराला तडजोड करावी लागते. फार घाई केली तर खोटे अलार्म वाजतात, फार खात्री करत बसले तर मुदत टळते.

मोठ्या इमारतीत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो. मुख्य पॅनेल आळीपाळीने प्रत्येकाला हजेरी विचारते. त्यामुळे धूर कोणत्या खोलीत आहे ते लगेच कळते आणि एखादा डिटेक्टर बंद पडला तर तेही कळते. भंडाऱ्याच्या या विभागात धूर ओळखणारी आणि आग विझवणारी स्वयंचलित यंत्रणा नव्हती, हा घटनेनंतर पुढे आलेला सर्वांत बोचरा मुद्दा होता. बाळाच्या तापमानावर क्षणोक्षणी लक्ष ठेवणाऱ्या खोलीत, खुद्द त्या खोलीवर लक्ष ठेवणारे काहीच नव्हते.

अलार्म वाजला, पुढे काय?

रिअल-टाइम यंत्रणेची मुदत अलार्म वाजल्यावर संपत नाही. ठिणगीपासून शेवटचे बाळ बाहेर येईपर्यंतची पूर्ण साखळी मोजावी लागते. धूर डिटेक्टरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, खात्रीचा वेळ, कोणीतरी ऐकण्याचा वेळ, दार उघडण्याचा वेळ, वीज आणि ऑक्सिजन बंद करण्याचा वेळ आणि एकेक बाळ उचलण्याचा वेळ. मोठे रुग्ण अलार्म ऐकून उठू शकतात, निदान हाक मारू शकतात. नवजात बाळाच्या बाबतीत साखळीतली प्रत्येक हालचाल दुसऱ्यानेच करायची असते. दोन हातांची एक परिचारिका एका फेरीत दोन बाळे नेऊ शकते. दहा बाळांसाठी किती फेऱ्या, हे गणित आग लागण्याआधीच करायला हवे.

इथे चिपचा वेग कितीही वाढवला तरी फरक पडत नाही. सगळ्यात हळू कडी माणसांची संख्या आणि सराव हीच असते. शिवाय अतिदक्षता विभागात दिवसभर इतके भोंगे वाजतात, आणि त्यातले कित्येक प्रोब हलल्याने वाजतात, की कान सरावतात. अलार्मचा हा थकवा जगभरातील रुग्णालयांत दिसतो. कामाच्या भाराकडे न पाहता केवळ ‘लक्ष नव्हते’ असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. त्याच वेळी, कक्षात कोणी नसणे याला कोणतेही उपकरण पर्याय नाही, हेही तितकेच खरे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीपासून संरक्षणाची साधने बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही इमारतीचा मालक किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६०६०१ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे. त्यात नवजात बाळांच्या वॉर्मरसाठी स्वतंत्र भाग आहे. त्यातील सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६२३०४ हे मानक आहे.

अडचण अशी की उपकरणाचे मानक उपकरणापुरते असते आणि इमारतीचा कायदा इमारतीपुरता. दहा वॉर्मर रात्रंदिवस एका वाहिनीवर चालवल्यावर जोडण्यांचे काय होते, हा प्रश्न दोन्हींच्या मधोमध पडतो. तो कोणाचा, हे प्रत्येक रुग्णालयाने नाव घालून ठरवावे लागते.

पुढे काय?

भंडाऱ्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. दोन्हीकडे दहापेक्षा जास्त रुग्ण दगावले. तपासणीचा कागद आणि चालू असलेली यंत्रणा यांतले अंतर त्यातून दिसले.

हे अंतर मोजण्याची साधी पद्धत आहे. रात्री दोन वाजता, पूर्वसूचना न देता, डिटेक्टरखाली चाचणीचा धूर सोडायचा आणि घड्याळ लावायचे. बाळांच्या जागी बाहुल्या ठेवून शेवटची बाहुली बाहेर येईपर्यंत किती मिनिटे लागली ते लिहायचे. धूर श्वास कोंडण्याइतका होण्याआधी हा आकडा गाठला जात असेल तर यंत्रणा आहे. नसेल तर खोलीत कितीही आधुनिक उपकरणे असली तरी ती नाही. साकोली किंवा तुमसरच्या एखाद्या गावातून बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन येणाऱ्या आईला मानकांचे क्रमांक माहीत नसतात. बाळ काचेपलीकडे ठेवून ती बाहेर बसते, ती याच आकड्याच्या भरवशावर.