धूर कोणाच्या खात्यावर?

मोटारीचा सुटा भाग कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतला जातो. त्या भट्टीचे कर्ब-उत्सर्जन मात्र मोटार-कंपनीच्या स्वतःच्या कारखान्याच्या हिशेबात येत नाही. पुरवठासाखळीतील हे उत्सर्जन उघड व्हावे, म्हणून 'सेबी'ने २०२३ मध्ये अव्वल २५० सूचीबद्ध कंपन्यांसाठी तरतूद केली. मार्च २०२५ मध्ये ती वर्षभर लांबवून ऐच्छिकही केली. त्यातही खरेदी-विक्रीत किमान २ टक्के वाटा असलेलेच भागीदार मोजायचे!

लहान उद्योजकाची अडचण खरी आहे. त्याच्यापाशी मोजणीची साधने नाहीत आणि माणसेही नाहीत. परंतु तिच्या आडून मोठ्यांनी अंग झटकणे अनुचित होय. ज्याच्या घामावर नफा कमवायचा, त्याच्या मोजणीचा खर्चही उचलायचा, हाच व्यवहारधर्म. भागधारकांनी वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हा हिशेबही मागावा.