कवच टिकले, पाठाचे काय?

मराठीत 'परीक्षण' हा एकच शब्द आपण कादंबरीसाठी वापरतो आणि यंत्रासाठीही. दोन्हीकडे परीक्षकाचे काम एकच असते : वस्तू ज्या प्रयोजनासाठी आहे, त्या प्रयोजनाशी तिची कामगिरी ताडून पाहणे. गेल्या काही वर्षांत 'रग्ड', म्हणजे दणकट म्हणवणाऱ्या पोर्टेबल एसएसडीची जी परीक्षणे प्रसिद्ध होतात, त्यांपैकी बहुतेक या साध्या कसोटीला उतरत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असा प्रश्न काहींना पडेल. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की लोकसाहित्याच्या अभ्यासकाने गावोगाव फिरून केलेली ध्वनिमुद्रणे, हस्तलिखितांची छायाचित्रे आणि पाच वर्षे खपून लिहिलेला प्रबंध आज याच तळहातावर मावणाऱ्या डबीत असतो. भूर्जपत्र आणि हातकागद यांची चिकित्सा ज्या अभ्यासशाखेने केली, तिला या डबीबद्दल 'तो तांत्रिक मामला आहे' असे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

आधी परीक्षणाचा नमुना पाहू. सॅमसंगचा 'टी७ शील्ड' हा ड्राइव्ह २०२२ मध्ये बाजारात आला. वाचनाचा वेग सेकंदाला १०५० मेगाबाइट, लेखनाचा १०००, धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपी६५ आणि तीन मीटरवरून पडला तरी अभंग, असे कंपनीचे दावे. अशा ड्राइव्हचे परीक्षण म्हणजे काय, तर तो संगणकाला जोडायचा, 'क्रिस्टलडिस्कमार्क'सारखी आज्ञावली चालवायची, येणारा आकडा कंपनीच्या आकड्याशेजारी मांडायचा, मग डबी जमिनीवर टाकायची, तिच्यावर पाणी ओतायचे, पुन्हा जोडून 'चालते आहे' असे जाहीर करायचे आणि पाचपैकी साडेचार तारे द्यायचे. सन्माननीय अपवाद आहेत. पण ते अपवादच.

यातील वेगाची चाचणी घ्या. वर उल्लेखलेली आज्ञावली मूळ मांडणीत एक गीगाबाइटची फाइल लिहून-वाचून पाहते. आता आजच्या बहुतेक ड्राइव्हांत एकेका पेशीत तीन किंवा चार बिट साठवलेले असतात, आणि असे लेखन स्वभावतः संथ असते. ते वेगवान भासावे म्हणून ड्राइव्ह काही पेशी तात्पुरत्या एकबिटी पद्धतीने वापरतो. येणारा मजकूर आधी या ओसरीत घेतला जातो आणि सवडीने आतल्या खोलीत हलवला जातो. ओसरी भरली की खरा वेग उघडा पडतो. काही ड्राइव्ह त्यानंतरही पुष्कळसा वेग राखतात, काहींचा वेग एकदम कोसळतो. हा फरक एका गीगाबाइटच्या फाइलीने कधीच कळणार नाही, कारण तेवढी फाइल ओसरीतच संपते. प्रस्तावना वाचून कादंबरीवर अभिप्राय देणाऱ्या समीक्षकाला आपण काय म्हणतो, ते इथे सांगायला नको.

बरे, या वेगाचे आपल्यापुरते मोल तरी किती? ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि दोन वाहिन्या अशा चांगल्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे एक गीगाबाइट जागा लागते. समजा एखाद्या अभ्यासकाने ५० तासांच्या ओव्या मुद्रित केल्या. त्या १०५० मेगाबाइटच्या वेगाने उतरवायला पाऊण-एक मिनिट लागेल, ४०० मेगाबाइटच्या वेगाने दोन मिनिटांच्या थोडे वर. म्हणजे ज्या आकड्यासाठी आलेखांचे मनोरे रचले जातात, त्याने या अभ्यासकाचे वाचणारे आयुष्य दीड मिनिटाहून कमी. उलट, ओव्या सांगणारी म्हातारी पुढच्या वर्षी नसेल आणि तिच्या घरचे जाते तर केव्हाच परसात उपडे पडलेले असेल. ते मुद्रण गेले तर कोणत्याही वेगाने परत येणार नाही. चित्रपटाचे संकलन करणाऱ्याला वेग लागतो, हे मान्यच आहे. पण परीक्षण त्याच्यापुरते असेल तर तसे म्हणावे. साऱ्यांच्या वतीने तारे वाटू नयेत.

आता दणकटपणा. पडण्याची भीती ही मुळात जुन्या हार्ड डिस्कच्या काळातली. तिच्यात तबकडी गरगर फिरे आणि तिच्यापासून केसाहून कमी अंतरावर वाचनशीर्ष तरंगत असे. धक्का बसला की दोघांची गाठ पडे आणि मजकूर खरवडला जाई. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. ती पडून सहजासहजी बिघडत नाही, यात रबरी कवचाचे कौतुक थोडे आणि जातीचा गुण अधिक. तिचे मरण बहुधा दुसरीकडून येते : सैल झालेल्या जोडणीतून, नियंत्रक चिपच्या बिघाडातून, सदोष फर्मवेअरमधून. आयपी६५ या दर्जातला सहाचा अंक धूळ आत शिरत नाही असे सांगतो आणि पाचाचा अंक पाण्याच्या फवाऱ्याबद्दल बोलतो. आतल्या मजकुराबद्दल दोन्ही अंक मौन पाळतात. आणि डबी पडल्यावर परीक्षक तपासतो काय? ड्राइव्ह 'दिसतो' की नाही, एवढेच. आधी लिहिलेली प्रत्येक फाइल अक्षरशः तशीच आहे का, हे पाहण्याचे कष्ट क्वचितच कुणी घेतो.

याची किंमत काय असते ते २०२३ मध्ये दिसले. सॅनडिस्कच्या 'एक्स्ट्रीम' मालिकेतील ड्राइव्ह तोवर अनेक शिफारसयाद्यांत मानाने मिरवत होते. त्या वर्षी वापरणाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या की ड्राइव्ह मध्येच संगणकापासून तुटतो आणि मजकूर नाहीसा होतो. मे महिन्यात तेव्हाची मालक कंपनी वेस्टर्न डिजिटलने काही मॉडेलांसाठी फर्मवेअरची दुरुस्ती दिली. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांनी खटले दाखल केले. दोष कुणाचा आणि किती, याचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. मुद्दा परीक्षणांचा आहे. या तक्रारींत वेगाचा आकडा खोटा ठरला नव्हता, कवच फुटले नव्हते, पाणी आत गेले नव्हते. जे जे मोजले गेले होते ते ठीकच होते. तक्रार होती ती न मोजलेल्या गोष्टीची.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : परीक्षकाकडे वेळ थोडा असतो आणि टिकाऊपणा एका दुपारी मोजता येत नाही. उत्तर अर्धे खरे आहे. मराठी समीक्षेत आपण पुस्तक-परिचय आणि समीक्षा यांत भेद करतो. परिचयकाराने परिचय म्हणून लिहावे, त्यात कमीपणा काही नाही. पण एका दुपारच्या ओळखीवर 'विश्वासार्ह' हे विशेषण लावणे ही सरळसरळ लबाडी आहे. शिवाय परीक्षण झालेली वस्तू आणि विकली जाणारी वस्तू एकच असते, हेही गृहीत धरता येत नाही. संगणकाच्या आत बसवायच्या दोन एसएसडींचे, क्रुशियल पी२ आणि वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० चे, आतले भाग नाव तेच ठेवून बदलल्याचे २०२१ मध्ये उघडकीस आले. जुनी परीक्षणे मात्र होती तशीच उभी होती. पहिल्या आवृत्तीवर लिहिलेला अभिप्राय बदललेल्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर छापावा, तसा हा प्रकार.

आणि सगळेच काही मोजायला कठीण नाही. मजकूर जसाच्या तसा आहे की नाही हे तपासण्याचे साधन जुने आणि फुकट आहे. प्रत्येक फाइलीवरून गणिताने एक लहानशी खूण, म्हणजे चेकसम, काढता येते. फाइलीतला एक बिट बदलला तरी खूण बदलते. ग्रंथालयांच्या जगात तर मजकूर आणि अशा खुणा एकत्र बांधण्याची 'बॅगइट' ही मांडणी अनेक वर्षे वापरात आहे. आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. वेदपाठाच्या परंपरेत पदे उलटसुलट क्रमाने गुंफून म्हणण्याचे क्रम, जटा, घन असे पाठ रूढ झाले, ते एका अक्षराची चूकही उघडी पडावी म्हणून. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे महानुभाव परंपरा सांगते. एकाच प्रतीवर विसंबण्यातला धोका आणि ताडून पाहण्याची शिस्त, हे दोन्ही आपल्या वाङ्मयाने सोसून शिकलेले धडे आहेत. मजकूर वाहणाऱ्या वस्तूच्या परीक्षणात नेमके तेवढेच गैरहजर असावेत, हे लाजिरवाणे आहे.

तेव्हा मागण्या स्पष्टपणे मांडतो. ड्राइव्ह काठोकाठ भरून वेग मोजावा आणि तो शेवटच्या गीगाबाइटपर्यंत सांगावा. एका मोठ्या फाइलीबरोबर हजारो लहान फाइलीही लिहून पाहाव्यात, कारण आपले संग्रह तसेच असतात. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यातील उष्म्यात तो कसा वागतो, हे वातानुकूलित खोलीत बसून ठरवू नये. पाडल्यावर, भिजवल्यावर, लिहिताना मध्येच तार ओढल्यावर प्रत्येक फाइल चेकसमने पडताळावी. फर्मवेअरची आवृत्ती नोंदवावी. नमुना कंपनीने पाठवला की दुकानातून घेतला, तेही सांगावे. आणि सहा महिन्यांनी, वर्षाने, त्याच ड्राइव्हकडे परत जावे.

हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. एसएसडीतला मजकूर म्हणजे पेशींत अडकवून ठेवलेला विद्युतभार; वीज न मिळता तो हळूहळू झिरपतो. लेखनाची ठरलेली मर्यादा संपलेल्या सामान्य वापराच्या ड्राइव्हने विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर राखावा, अशी जेडेक या मानक संस्थेची अपेक्षा आहे. नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक काळ राखतो, त्यामुळे घाबरून जायचे कारण नाही. पण प्रबंध सादर झाला की ड्राइव्ह कपाटात ठेवून दहा वर्षे विसरणारे विभाग मला ठाऊक आहेत, आणि असे करू नका हे सांगणारे वाक्य त्या साडेचार ताऱ्यांखाली कुठेही नसते.

साहित्याच्या विभागांनी आपल्यापुरता एक पायंडा तरी पाडावा. क्षेत्रकार्याची सामग्री सादर करताना तिच्यासोबत चेकसमची यादी आणि निदान तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हे अनिवार्य करावे. संशोधनपद्धतीच्या अभ्यासपत्रिकेत पाठचिकित्सेच्या शेजारी याला एक तासिका द्यावी. मग ड्राइव्ह निवडताना 'किती वेगवान' या प्रश्नाआधी 'दिले ते जसेच्या तसे परत देतो का' हा प्रश्न विद्यार्थी आपोआप विचारू लागतील. परीक्षकांनाही तो एक ना एक दिवस विचारावाच लागेल.