अमृतसरहून पिंपरीस

गेल्या सुटींत आम्ही अमृतसरास जाऊन आलों. पिंपरी स्टेशनावर उतरलों, तेव्हां नेहमींचीच गर्दी होती. भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडे निघालेले कामगार, मालमोटारींचा कर्कश नाद, आणि पिंपरी कॅम्पांतील कापडबाजाराची लगबग! हा देखावा आम्हीं शेकडों वेळां पाहिला आहे. परंतु त्या दिवशीं पाऊल जड झालें. त्याचें कारण वाचकांपुढें ठेवावें, असें वाटतें.

अमृतसरास जालियनवाला बाग आहे. ता. १३ एप्रिल १९१९ रोजीं जनरल डायर यानें तेथें जमलेल्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार करविला. सरकारी आंकड्याप्रमाणेंच ३७९ माणसें मेलीं. भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा अद्याप दिसतात. तेथून जवळच, जुन्या टाऊन हॉलांत, २०१७ सालीं उघडलेलें फाळणीचें संग्रहालय आहे. बागेंत अपराध्याचें नांव सांगतां येतें. येथें तें सांगतां येत नाहीं. १९४७ सालीं शेजाऱ्यानेंच शेजाऱ्याचें घर जाळलें. मारणारे आणि मरणारे हिंदू, मुसलमान, शीख या सर्वांतच होते. एक कोटीहून अधिक लोक देशोधडीस लागले. त्यांनीं सोबत आणलेल्या साध्यासुध्या वस्तु तेथें जपून ठेविल्या आहेत.

त्या पाहतांना आम्हांस पिंपरीची आठवण झाली. सिंधमधून निघून कराचीहून जहाजानें मुंबईस उतरलेल्या निर्वासितांपैकीं कित्येकांस पिंपरीच्या छावणींत आसरा मिळाला. तोच आजचा पिंपरी कॅम्प. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालचा. म्हणजे कारखान्यांच्या या नगरीआधीं येथें निराधारांची वस्ती झाली. सणासुदीस आपण तेथें कापड घेतों, भावाची घासाघीस करतों. परंतु त्या दुकानदाराच्या वाडवडिलांनीं मागें काय सोडलें, हें कधीं विचारलें आहे काय?

कोणी म्हणेल, जुन्या जखमेवरची खपली कशास काढावी? सूड घेण्यासाठीं आठवण धरणें वाईटच. परंतु मुळींच विसरलों, तर शेजारी वैरी कसा होतो, हेंही उमगणार नाहीं. तो एका रात्रींत होत नाहीं. आधीं एखाद्या समाजास नांवें ठेविलीं जातात, मग अफवा खरी वाटूं लागते, आणि शेवटीं हात उगारला जातो. चाकणला पोट भरण्यासाठीं परप्रांतांतून आलेल्या कामगाराच्या मुलाची बोली ऐकून वर्गांत हंशा पिकतो, तेव्हां आपणही पहिल्या पायरीवर उभे असतों.

विद्यार्थ्यांनो, ज्यांनीं तें वर्ष जाणत्या वयांत पाहिलें, त्यांनीं आज ऐंशी केव्हांच ओलांडली आहे. आईवडिलांस बरोबर घेऊन त्यांच्याकडे जा, जवळ बसा, आणि ते सांगतील तें वहींत उतरून घ्या. घर कोणामुळें सुटलें, एवढेंच विचारूं नका; त्या दिवसांत कोणीं दार उघडलें, हेंही विचारा. अमृतसर दूर आहे. कॅम्प रुळांपलीकडेच आहे.