फुकटचा दुभाषी

बारावीनंतर मुलगी म्हणते, विद्यापीठात भाषांतर शिकायचे आहे. बाप गल्ल्यावरून विचारतो, "दोन-चार भाषा घरातच येतात, मग फी कशाची भरायची?"

वाचकहो, या मुलांना ही ओढ लावली ती आपणच. घरी उर्दू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, बँकेचे कागद इंग्रजीत. आठवीतल्या पोरीला आपण बँकेत नेतो, आखातातून आलेला कागद तिच्याकडून वाचून घेतो. वर्षानुवर्षे ती आपली फुकटची दुभाषी असते. या कामाला मोल आहे असे कळल्यावर ती ते शिकू पाहते, यात नवल काय?

शिकायचे काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. उर्दू वाचणाऱ्याला अरबी अक्षरे ओळखीची वाटतात आणि तिथेच घात होतो. 'रकम' शब्द दिसला की आपण पैसे समजतो. अरबीत तो नुसता आकडा, क्रमांक. 'तकरार' म्हणजे आपल्याकडे भांडण, अरबीत पुनरावृत्ती. सौदी अरेबियाच्या २००५ च्या कामगार कायद्यानुसार नोकरीच्या करारात दुसरी भाषा असली, तरी अरबी मजकूरच ग्राह्य. आपला वेल्डर, सुतार इंग्रजी बाजू कोणाकडून तरी वाचून घेतो आणि सही करतो. पगार, सुट्टी, परतीचे तिकीट ठरते ते दुसऱ्या बाजूला. मोबाईल भाषांतर करून देतो, पण चुकला तर जबाबदार कोण?

तोंडी दुभाष्याचे काम आणखी अवघड. ऐकता ऐकता बोलायचे असते, म्हणून मोठ्या परिषदांत दोघे बसतात आणि साधारण अर्ध्या तासाने पाळी बदलतात.

मुलांना खोटी स्वप्नेही दाखवू नयेत. १९७३ पासून अरबी संयुक्त राष्ट्रसंघाची अधिकृत भाषा आहे खरी, पण तिथल्या जागा मोजक्या. बहुतेकांच्या वाट्याला करारनामे, न्यायालयाचे कागद, दवाखान्याचे दाखले येतात, आणि आपल्याकडे पानामागे दर देताना गिऱ्हाईक घासाघीस करते. त्यात आपण व्यापारीही आलोच.

अरबी शिकायची सोय मुंबई विद्यापीठात आहे, दिल्लीच्या जेएनयूत आहे, हैदराबादच्या परकीय भाषांच्या विद्यापीठातही आहे. पदवी असेल तर इग्नूची अनुवादाची पदविका दुकान सांभाळून करता येते. ती हिंदी-इंग्रजीपुरती, पण सुरुवातीला वाईट नाही. माझ्या पुतणीने अरबी घेतली. परवा तिने माझा एक कागद तपासला आणि शंभर रुपये मागितले. मी दिले.